फाशात कोण शिरलं?

पिंपळगाव राजात सध्या दोन गोष्टींवर कोणाचंच दुमत नाही. एक, सोयाबीनला भाव नाही. दोन, अमेरिकेतल्या जुगाराच्या टेबलाखाली यंत्र असतं.

यातला दुसरा शोध एका निवृत्त गुरुजींचा. मुलगा न्यू जर्सीला असतो. मुक्कामात सुनेनं हौसेनं सासू-सासऱ्यांना अटलांटिक सिटी दाखवायला नेलं. समुद्र पाहून झाला, किनाऱ्यावरचा लाकडी फळ्यांचा रस्ता चालून झाला, गुडघे बोलायला लागले, आणि मंडळी बसायला म्हणून जिथे शिरली तिथे फाशांचं टेबल होतं. गुरुजींचे चाळीस डॉलर गेले. त्याचे रुपये किती होतात ते घरात अजून कोणाला ठाऊक नाही. बसस्टँडवरच्या टपरीवर सगळ्यांना पाठ आहे.

"वर पाह्यलं तं काळे काळे घुमट," गुरुजी सांगतात. "एकेकात कॅमेरा. मी सातावर लावले का सात सोडून सारं पडे. अन् जरा हात आखडला का टपकन सात! आता हे यंत्राबिगर होते काय, तुम्हीच सांगा."

होत नाही, असं टपरीनं एकमतानं ठरवलं. मतभेद झाले ते तपशिलात. एकाच्या मते फाशात लोखंडाचा कीस भरतात आणि टेबलाखाली चुंबक बसवतात. दुसरा इंजिनीअरिंगला दोन वर्षं जाऊन आलेला. तो म्हणाला, "चुंबक जुनं झालं गुरुजी. आता चिप राह्यते. तुमचा चेहरा पाहून ठरवते." तिसऱ्यानं सॅटेलाइटचं नाव घेतलं, पण तो पाऊस लांबला तरी सॅटेलाइटचंच नाव घेतो.

चेहऱ्याचं वाक्य लक्षात असू द्या. इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हाताला कधीकधी अर्धं सत्य लागतं.

आधी फासा बघू. कॅसिनोतला फासा सापशिडीतल्या फाशासारखा गोलसर कोपऱ्यांचा नसतो. पाऊण इंचाचा, बहुधा लाल, आरपार दिसणारा ठोकळा. कडा इतक्या धारदार की बोटाला जाणवाव्यात. सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचा असतो. आरपार अशासाठी, की आत शिसं भरलंच तर दिसावं. ठिपके आधी कोरतात, मग जेवढं वजन निघालं तेवढ्याच वजनाचा रंग त्यात भरून बाजू सपाट करतात. सहा ठिपक्यांची बाजू एका ठिपक्याच्या बाजूपेक्षा हलकी व्हायला नको म्हणून. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत माप तपासतात. वर कॅसिनोचं नाव आणि क्रमांक. काही तासांची पाळी झाली की फासा सेवानिवृत्त. त्याला भोक पाडतात किंवा खूण करतात, पुन्हा टेबलावर येऊ नये म्हणून. आमच्या एसटीला टायरसुद्धा एवढ्या वेळेवर मिळत नाही. शिवाय फासा फेकायचा तो समोरच्या भिंतीवर आपटेल असा, आणि त्या भिंतीला रबराची टोकंच टोकं. कुठून कसा उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये, अशी सगळी तजवीज.

एवढा खटाटोप कोणाच्या भीतीनं? गुरुजींच्या. कॅसिनोवाला रात्री दचकून उठत असेल तर तो खेळणाऱ्यानं आपला फासा बाहीतून आत सरकवला या स्वप्नानं.

आणि यंत्र असतंच, तर २००९ च्या मे महिन्यात ते कुठे होतं? याच अटलांटिक सिटीत, बोर्गाटा नावाच्या कॅसिनोत, एका आजीबाईंच्या हातात फासे आले. फाशांच्या टेबलाशी त्या जेमतेम दुसऱ्यांदा उभ्या होत्या. तिथला नियम असा, की डाव बुडवणारा सात पडेपर्यंत फासे तुमच्याच हातात. सरासरीनं आठ-नऊ वेळा फेकून होतात, तेवढ्यात तो सात पडतो. आजीबाईंचे फासे १५४ वेळा पडले. चार तास अठरा मिनिटं. बघणारे टेबलाभोवती दाटले, लोकांनी आजीबाईंच्या बाजूनं पैसे लावून खिसे भरले, आणि शेवटी कॅसिनोनं शॅम्पेन आणली. चुंबकाचं बटण ज्याच्याकडे होतं तो बहुधा जेवायला गेला असावा.

आता गुरुजींचा सात. दोन फाशांच्या छत्तीस जोड्या होतात, त्यातल्या सहा जोड्यांची बेरीज सात. म्हणजे सहात एकदा. त्या टेबलावर "कोणताही सात" अशी एक चौकट असते, तिच्यावर लावलं आणि सात पडला तर एकाला चार मिळतात. सहा वेळा एकेक डॉलर लावा. सरासरीनं पाच वेळा जाणार, एकदा चार येणार. सहातला एक डॉलर मालकाच्या गल्ल्यात, शेकडा साडेसोळाहून जास्त. त्याच टेबलाच्या कडेला एक साधी पट्टी असते, तिच्यावर मालकाची कमाई शंभराला जेमतेम १.४१. पण ती पट्टी दिसायला रुक्ष. गुरुजींनी सात निवडला, कारण सप्तर्षी, सप्तपदी, सप्तशृंगी. मधल्या चौकटी मुद्दाम रंगीत करतात ते अशाच श्रद्धावंतांसाठी.

यात लपवलेलं काय आहे? एकाला चार हे कापडावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं असतं. गुरुजींनी जन्मभर चौथीला गणित शिकवलं. छतावरचा कॅमेरा त्यांना दिसला, नाकासमोरचा भागाकार दिसला नाही.

पण कॅमेरे आहेतच ना, मग ते कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे आपला इंजिनीअर कामाला येतो. कॅमेरे हात बघतात. खेळणाऱ्याचे आणि त्याहून बारकाईनं नोकरांचे. पैशांऐवजी टेबलावर लावायच्या महागड्या चकत्यांमध्ये रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप असते, कोणी किती लावले ते आपोआप नोंदलं जातं. २०१९ मध्ये मकाऊच्या कॅसिनोंबद्दल बातमी आली होती. छुपे कॅमेरे, चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि चिपवाल्या चकत्या जोडून तिथले मोठे कॅसिनो एकच गोष्ट हुडकत होते: या गर्दीत सर्वांत जास्त हरण्याची तयारी कोणाची आहे. हरल्यावर कोण उठतो आणि कोण दुप्पट लावतो. जो दुप्पट लावतो त्याला फुकट खोली, फुकट जेवण, "सर, आपण फार दिवसांनी आलात." फासा कोणता पडला याच्याशी त्या यंत्राला काही कर्तव्य नाही. ते तुमचा चेहरा वाचतं. फाशाचा चेहरा वाचून मिळणार काय? त्याचं गणित आधीच झालेलं आहे.

गंमत अशी की टेबलाशी छुपा संगणक पहिल्यांदा नेला तो खेळणाऱ्यानंच. १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन हे दोन गणिती लास व्हेगासला गेले. शॅनन म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. आज तुमच्या मोबाईलवर जे काही येतं-जातं त्याच्या शास्त्राचा पाया घालणारा. या दोघांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला होता. बुटात अंगठ्यानं बटण दाबायचं, रुलेटच्या चक्राचा वेग मोजायचा, आणि कानात वाजणाऱ्या सुरावरून गोटी कुठल्या भागात थांबेल ते ओळखायचं. यंत्र चाललं. कानाकडे जाणारी तार मात्र सारखी तुटायची. पुढच्या पिढीतल्या पोरांनी तेच यंत्र सुधारलं, आणि १९८५ मध्ये नेवाडा राज्यानं असल्या यंत्रांवर कायद्यानं बंदी घातली. बंदी खेळणाऱ्याच्या यंत्रावर, हे लक्षात घ्या. मालकानं विधिमंडळात जाऊन तक्रार केली, की साहेब, हे लोक गणित करून येतात.

यंत्रात खरोखर गडबड झाल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती जास्त रसाळ आहेत. नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळात रॉन हॅरिस नावाचा तंत्रज्ञ होता. काम काय, तर कॅसिनोतल्या यंत्रांमध्ये लबाडी नाही ना ते तपासायचं. त्यानं तपासता तपासता आपलीच लबाडी आत घातली. विशिष्ट क्रमानं नाणी टाकली की यंत्र पैसे ओकायचं. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्याचा साथीदार एक लाख डॉलरचं बक्षीस घ्यायला गेला आणि फारच शांत उभा राहिला. तेवढ्यावरून प्रकरण उलगडलं. दुसरा एडी टिप्टन, अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या सामायिक लॉटरीच्या संगणक सुरक्षेचा प्रमुख. आकडे काढणाऱ्या संगणकात त्यानं स्वतःची वाट ठेवली आणि २०१० च्या डिसेंबरात कोट्यवधींचं तिकीट स्वतःच जाऊन विकत घेतलं, दुकानातल्या कॅमेऱ्यासमोर. दोन्ही वेळा लबाडी सापडली ती तपासणाऱ्याच्या टेबलाखाली. आपल्याकडे हे वाचून कोणाला धक्का बसेल असं वाटत नाही.

(यंत्रावरच्या शंकेचं आणखी एक प्रकरण आहे, मतदानाचं. त्यावर लिहिलं की संपादक हे सदर निम्म्यावर आणतात आणि उरलेल्या जागेत बियाण्याची जाहिरात छापतात. तेव्हा पुढे जाऊ.)

अमेरिका सोडा, जत्रेत या. तंबूच्या मागे, पेट्रोमॅक्सच्या जागी आलेल्या एलईडी बल्बखाली, रेक्झिनचा पट पसरलेला असतो. सहा चित्रं: झेंडा, मुंडी, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. त्याच सहा चित्रांचे फासे पत्र्याच्या डब्यात खुळखुळतात. "लावा, लावा, बोला झेंडा, बोला मुंडी!" डबा उपडा होतो, सगळ्या माना खाली वाकतात. कुठे सहा फासे असतात, कुठे तीन. तिनाचं गणित बोटांवर होतं म्हणून तेच घेऊ.

समजा सहा जणांनी सहा चित्रांवर एकेक रुपया लावला. तीन वेगवेगळी चित्रं पडली. तिघे जिंकले, तिघे हरले, हरलेल्यांचे तीन रुपये जिंकलेल्यांना गेले. मालकाला काही नाही, उलट डबा हलवून हात दुखला. आता दोन झेंडे आणि एक बदाम पडला. झेंड्याला दोन, बदामाला एक. बाहेर गेले तीन. हरले मात्र चार जण. एक रुपया मालकाचा. तीनही झेंडे पडले तर पाच जण हरले, तीन रुपये वाटले, दोन मालकाचे. म्हणजे पटवाल्याचं पोट भरतं ते जोडीवर. आणि जोडी पडली की ओरडतं कोण? गर्दी! "दोन झेंडे आले रे!" पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, पटवाला चेहरा पाडून पैसे मोजतो. २१६ वेळा डबा उपडा झाला तर सरासरीनं १०२ रुपये त्याच्या धोतरात जातात, लावलेल्या १२९६ पैकी. शंभराला आठ म्हणा. डब्यात चुंबक नको, फाशात शिसं नको, फक्त जत्रा लांबायला हवी. काही पटवाले फासेही वजनदार ठेवतात, नाही असं नाही. तो निव्वळ हावरटपणा.

वरलीचं तेच. आमच्याकडे मटका म्हणत नाहीत, वरली म्हणतात. मुंबईतल्या वरळीचा उच्चार वऱ्हाडात येईपर्यंत एवढाच टिकला. या धंद्याचं मूळ आमच्या शेतात आहे हे फार थोड्यांना ठाऊक. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा उघडता आणि बंद होता भाव काय निघेल, यावर मुंबईत आकडा लागायचा. भाव तारेनं यायचा. १९६१ मध्ये ते बंद झालं, मग कल्याणजी भगतनं १९६२ मध्ये आणि रतन खत्रीनं १९६४ मध्ये आपापला आकडा काढायला सुरुवात केली. कापूस गेला, ओपन-क्लोज राहिलं. आमच्या खामगावची कापसाची बाजारपेठ इंग्रजांना एवढी मोलाची, की तिच्यासाठी जलंब-खामगाव अशी छोटी रेल्वे टाकली आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथे येऊन गेला. कापूस आमचा, भाव न्यूयॉर्कचा, आकडा मुंबईचा. आणि पोलीस ठाण्यात "जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ अ" आमच्या नावावर.

वरलीत दहा आकडे, एकाला नऊ, तेही लावलेला रुपया धरून. सरासरीनं दहात एक रुपया खायवाडी करणाऱ्याचा, म्हणजे आकडे घेणाऱ्याचा, रोज. पण लगवाडी करणाऱ्याला विचारा, का हरलास? तो सांगेल, "आकडा फिरवला त्याईनं वरून." आकडा न फिरवताही वरच्याला त्याचा दहावा वाटा मिळणारच, हे त्याला पटत नाही. मग तो बाबाकडे जातो, अपघात झालेल्या गाडीची नंबरप्लेट बघतो, स्वप्नातल्या म्हशी मोजतो.

आता इथे कोणी म्हणेल, शंका घेऊच नये का? घ्यावी की. २०१७ मध्ये लखनौत पेट्रोल पंपांवर रिमोटवर चालणाऱ्या चिप सापडल्या, त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवर धाडी घातल्या. पेट्रोल मोजूनच द्यायचं असतं, त्यात मालकाला वरकमाई हवी तर यंत्रात हात घालावाच लागतो. म्हणून कापूस विकायला गेलेला शेतकरी काट्यासमोर बसतो ते बरोबरच आहे. तो ताटली पुसून घेतो, तांबडं शून्य दिसतंय ना ते बघतो, व्यापाऱ्याच्या माणसाच्या पायाचा अंगठा ताटलीखाली नाही ना तेही वाकून बघतो. धरमकाट्यावर तर ट्रॅक्टर चढवल्यावर खाली उतरून चारही बाजूंनी फेरी मारतो. पाचशे ग्रॅमसाठी भांडण होतं, गर्दी जमते.

आणि हे सगळं चालू असताना भिंतीवरच्या फळ्यावर काय लिहिलेलं असतं? ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बारावर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, तुमचा माल घेत नाही. मग तोच कापूस शेजारच्या व्यापाऱ्याकडे जातो, त्याच्या भावानं. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे आमची बोंडं फुटून, वेचणी होऊन, गाडी बाजारात येईपर्यंत. हे राजपत्रात छापून आलं. त्याच्यासमोर वाकून कोणी बघितलं नाही, कारण त्याला ताटली नव्हती.

गोव्याचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडचे लोक सोयाबीन विकून अमेरिकेला जात नाहीत, गोव्याला जातात. तिथला कायदा असा, की जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलात फक्त यंत्रावरचा जुगार. माणसाच्या हातचे पत्ते आणि चक्र हवं असेल तर मांडवीतल्या बोटीवर जा. चालेल. पण २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवा सरकारनं खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई केली. ज्यानं परवाना दिला, जो कर घेतो, तोच आपल्या माणसांना दारातून माघारी धाडतो. परगावच्यांना मात्र सुस्वागतम. यंत्रात काय आहे याचं याहून सविस्तर माहितीपत्रक मिळणार नाही. केंद्रानंही सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी लावून टेबलाशी आपली खुर्ची ओढली. आपलं महाराष्ट्र सरकार त्या मानानं सोवळं. १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो लागूच केला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करायचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षं एकही फासा न टाकता डाव चालू ठेवण्याचा हा विक्रम असावा.

गरजही काय होती म्हणा. टेबल प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आलं. ते किती वाजता उघडता, कितीवर थांबता, हरल्यावर किती वेळानं परत येता, हे सगळं त्याला कळायचं. मकाऊत ज्यासाठी छतभर कॅमेरे लावावे लागले ते इथे आपण स्वतः रिचार्ज मारून पुरवायचो. तरी खेळणारा म्हणायचा, "समोर माणूस नसते, बॉट राह्यते." असेलही. नसला तरी प्रत्येक डावामागे कंपनीचा वाटा आधी कापला जायचा, आणि तो नियमावलीत लिहिलेला असायचा, जी कोणी उघडत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर, विधान परिषदेत बसले असताना, पत्ते दिसले होते. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे इथेही यंत्रच! त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. आमच्या गुरुजींना एवढीसुद्धा नुकसानभरपाई मिळाली नाही.

फाशात कोणीतरी शिरलंय ही तक्रार जुनी आहे, आणि तिचा संबंध थेट विदर्भाशी आहे. दमयंती आमची, विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. नळ जावई. स्वयंवरात आपल्याला डावललं म्हणून कली चिडला आणि त्यानं द्वापराला सांगितलं, तू फाशात शिर. स्वतः नळात शिरला. मग भाऊ पुष्करानं नळाला खेळायला बोलावलं. महिनोन्‌महिने डाव चालला, राज्य गेलं, अंगावरच्या एका वस्त्रानिशी नवरा-बायको रानात. महाभारताच्या वनपर्वात हे सगळं धर्मराजाला सांगितलंय, तोही नुकताच हरून आलेला. श्रोता अचूक निवडला होता.

पण या कथेतलं पुढचं प्रकरण आपण कीर्तनात घाईनं उरकतो. सारथी झालेला नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला घेऊन विदर्भाकडे निघालाय. वाटेत बेहड्याचं झाड. त्रिफळ्यातला बेहडा, ज्याच्या बिया त्या काळी फासे म्हणून टाकायच्या. ऋतुपर्ण रथातूनच झाडाकडे नजर टाकतो आणि पानं किती, फळं किती, गळालेली किती, सांगून मोकळा होतो. नळाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवतो, उशीर होतोय म्हणून राजा ओरडतोय तरी झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं मर्म येतं, मोजणी येते. बदल्यात घोड्यांची विद्या द्यायचं कबूल करून नळ ही विद्या घेतो. त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात जाऊन बसतो. द्वापराचं पुढे काय झालं, फाशातून तो निघाला की तिथेच राहिला, हे कोणी विचारत नाही. नळानंही विचारलं नाही. मोजता यायला लागल्यावर त्याला द्वापराची तक्रार करायची गरज उरली नव्हती.

गुरुजींना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, चहा संपवला आणि विचारलं, "मंग त्या राजाले सात कवा पडते ते समजत होतं काय?"

नळानं पुष्कराला एकाच डावात हरवलं. राज्य परत घेतलं, भावाला त्याचा वाटा देऊन सन्मानानं घरी पाठवलं. "आणखी एक होऊन जाऊ दे" असं दोघांपैकी कोणी म्हटल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही.